तात्यांची आठवण हसत काढावी



सदाशिव अमरापूरकर हे नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा खलनायक आठवतो. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आठवतो, 'सडक'मधली महाराणी आठवते. नगरच्या माणसाला मात्र तात्या आठवतात, आणि तात्या आठवले की तो आधी हसतो. मग त्याला कुणीतरी सांगितलेला एखादा किस्सा सांगायचा असतो. आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटी स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर आम्ही अजून नुसतं 'नगर' म्हणतो. त्या नगरच्या या नटाविषयी, आणि विशेष करून त्यांच्या हसवण्याविषयी मला आज बोलायचं आहे.

तात्यांना जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांच्यावर लेख येतात, भाषणं होतात. सगळीकडे त्यांच्या खलनायकीचं कौतुक भरभरून असतं आणि शेवटी एक ओळ येते, की त्यांनी विनोदी भूमिकाही केल्या. श्रोतेहो, माझं भांडण आहे ते त्या 'ही'शी. जेवणाच्या ताटात लोणचंही होतं म्हणावं, तसा तो 'ही' येतो. मला वाटतं, तात्यांचं हसवणं हे ताटातलं लोणचं नव्हतं.

थोडं मागे जाऊ. ११ मे १९५० हा त्यांचा जन्मदिवस. घरचं नाव गणेश, रंगभूमीवर ते सदाशिव झाले. शेवगाव तालुक्यात अमरापूर नावाचं गाव आहे. त्यामुळे हे आडनाव पडद्यावर झळकलं की आमच्याकडची माणसं शेजारच्याला कोपरानं ढोसायची, 'आपल्याकडचा आहे बरं का!' इतिहास हा त्यांचा विषय. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात एम. ए. केलं. पण रमले ते नाटकात. 'हॅन्ड्स अप' या नाटकातलं त्यांचं काम गोविंद निहलानींनी पाहिलं आणि त्यातून त्यांना 'अर्धसत्य' मिळाला. १९८३ सालचा हा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगमंचावर आलं आणि त्याचं दिग्दर्शन तात्यांनी केलं होतं. म्हणजे पडद्यावर गुंड दिसणारा हा माणूस तेव्हा एका अवघड सामाजिक नाटकाच्या तालमी घेणारा दिग्दर्शकही होता.

रामा शेट्टीनं त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. त्या भूमिकेत आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही. हा माणूस हळू बोलतो. शब्द चघळत बोलतो. समोरचा फौजदार संतापानं फुटायला आलेला आणि हा आपला निवांत. आमच्या घरी दखनी बोलतात, बाहेर मराठी. त्यामुळे हिंदी बोलताना जिभेवर मराठीचं वजन कसं येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तात्यांच्या हिंदीत ते वजन होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्याला उणेपणा समजून दुसरा एखादा नट घासूनपुसून काढता, त्याचंच त्यांनी हत्यार केलं.

आता गंमत पाहा. अगदी तोच थंड चेहरा आणि तेच चघळलेले शब्द घेऊन तात्या विनोदाकडे वळले. १९९३ साली 'आँखें' आला. ज्या नटानं दहा वर्षांपूर्वी फौजदाराला हैराण केलं होतं, तोच आता पोलिसाचा गणवेश घालून स्वतः हैराण होत होता. १९९५ साली 'कुली नंबर वन'मध्ये ते लग्नं जुळवणारा मध्यस्थ झाले, शादीराम घरजोडे. एक गर्विष्ठ श्रीमंत माणूस या मध्यस्थाचा अपमान करतो. मध्यस्थ सूड घ्यायचा ठरवतो. त्याच्याकडे बंदूक नाही, गुंड नाहीत. तो काय करतो, तर एका हमालाला श्रीमंत नवरदेव म्हणून त्या घरात पाठवतो. सगळं हसं त्या एका अपमानातून उगवतं. हा चित्रपट पाहताना टॉकीजमध्ये पुढच्या रांगांमधून जे हसू उठायचं, ते मी ऐकलं आहे. अपमान गिळून घरी आलेल्या माणसांचं ते हसू होतं. १९९७ च्या 'इश्क'मध्ये तर ते स्वतःच गरिबांचा तिटकारा करणारा श्रीमंत बाप झाले आणि पुरेपूर फजीत झाले.

फौजदार, श्रीमंत बाप, लग्नाच्या बाजारातला दलाल. तात्यांच्या या विनोदी भूमिकांची नुसती यादी केली तरी एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांच्यापुढे आपण रोजच्या जगण्यात मान खाली घालतो, ती ही माणसं. खलनायक म्हणून तात्यांनी सत्तेची भीती दाखवली, आणि विनोदी नट म्हणून त्याच सत्तेचं धोतर फेडलं. पहिलं काम नीट जमलं म्हणूनच दुसरं जमलं. ज्याला भीती कुठून येते ते ठाऊक असतं, त्यालाच ती कुठून फुगली आहे आणि टाचणी कुठे लावायची तेही ठाऊक असतं.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. आमचा जिल्हा तमाशाचा. संगमनेर म्हटलं की कांताबाई सातारकरांचं आणि खेडकरांच्या फडाचं नाव निघतंच. तमाशातला सोंगाड्या काय करतो? वगात राजा असतो, प्रधान असतो, पाटील असतो. सगळे भरजरी बोलतात. सोंगाड्या मात्र त्यांच्या बोलण्याला मध्येच आपल्या साध्या भाषेचं ठिगळ लावतो आणि राजाची वस्त्रं गळून पडतात. तात्या शिकले-सवरलेले, इतिहासाचे पदवीधर, शहरी नाटकातून आलेले. पण त्यांच्या विनोदात मला तो सोंगाड्या दिसतो.

या हसवण्याची दुसरी बाजू पडद्यामागची आहे. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पैसे कुठून आणायचे? डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' रंगमंचावर आणलं आणि गावोगावी प्रयोग केले. त्यात तात्या होते. विचार करा, लोक पोट धरून हसत होते आणि त्या हसण्याच्या तिकिटांतून कुठल्या तरी आडगावच्या कार्यकर्त्याच्या घरी पीठमीठ जाणार होतं. विनोदाचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

'सडक' चित्रपटात तात्या कुंटणखाना चालवणाऱ्या महाराणीच्या भूमिकेत होते. १९९१ सालच्या त्या भूमिकेनं लोकांच्या अंगावर काटा आणला आणि खलनायकासाठीचं फिल्मफेअर त्यांना मिळालं. आणि इकडे नगरमध्ये, वेश्यावस्तीतल्या स्त्रियांच्या मुलांसाठी १९८९ पासून काम करणाऱ्या 'स्नेहालय'शी त्यांचं नातं होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीशी होतं, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाशीही होतं. पडद्यावर ज्या नरकाचा मालक झाले, त्याच नरकातून मुलांना बाहेर काढणाऱ्यांच्या बाजूला ते प्रत्यक्षात उभे होते.

पण श्रोतेहो, हसवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक दुःख येतं. तो गंभीरपणे बोलला तर लोकांना ते ऐकायचं नसतं. २०१३ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहत होत्या. त्या वर्षीच्या होळीला मुंबईत, तात्यांच्या घराजवळ, पाण्याचे फवारे उडवून नाच चालला होता. बासष्ट वर्षांचे तात्या तिथे गेले आणि पाणी वाया घालवू नका म्हणाले. आपल्याला धक्काबुक्की झाल्याचं त्यांनी सांगितलं. बातम्या छापून आल्या. मला ती बातमी वाचून वाटलं, की मुंबईत इतकी वर्षं काढली तरी या माणसाच्या डोक्यातून नगरचा कोरडा हंडा गेलेला नाही. ज्यांनी त्यांना पडद्यावर पाहून टाळ्या वाजवल्या असतील, त्यांनाच त्या दिवशी त्यांचं ऐकावंसं वाटलं नाही. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या भूमिकांपेक्षा मला ही बिनपगारी, बिनटाळ्यांची भूमिका मोठी वाटते.

त्याच वर्षी भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यातल्या दिवाकर बॅनर्जींच्या कथेत तात्या एका हरलेल्या नटाच्या दिवंगत गुरूच्या भूमिकेत आहेत. गेलेला गुरू शिष्यापुढे प्रकट होतो, पण त्याला कवटाळून रडत नाही. चांगला फैलावर घेतो. आपल्याला हसू येतं आणि तो शिष्य उठून कामाला लागतो. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, तात्या मुंबईत गेले. अखेरचा निरोप नगरमध्येच झाला. मुंबईनं नाव दिलं, पण निजायला ते घरी आले.

गेलेल्या माणसाची आठवण काढताना आपण आवाज खाली आणतो, चेहरा लांब करतो. इतरांच्या बाबतीत ते ठीक असेल. पण ज्यानं आयुष्यभर लांब चेहऱ्यांची फजिती केली, त्याची आठवण लांब चेहऱ्यानं काढणं मला पटत नाही. त्यांच्या मित्रांच्या गप्पा मी कोपऱ्यात बसून ऐकल्या आहेत. एक किस्सा निघतो, मंडळी हसतात, आणि हसू ओसरल्यावर क्षणभर कुणीच बोलत नाही. त्या क्षणात जेवढा शोक असतो, तेवढा अर्ध्या तासाच्या भाषणात नसतो.

मात्र एक काळजी आहे. तात्यांबरोबर सत्तरच्या दशकात नगरमध्ये नाटकं केलेली माणसं आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. कुणी तालमीत पडदा ओढला असेल, कुणी पेटी वाजवली असेल, कुणी नुसता चहा आणून दिला असेल. चित्रपट कुठेही पाहायला मिळतील, पण त्या तालमींचं चित्रीकरण कुणी केलेलं नाही. ते फक्त या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांच्यापैकी कुणी हे भाषण ऐकत असेल, तर माझी विनंती आहे, दोन पानं लिहून ठेवा. लिहायचा कंटाळा असेल तर नातवाला फोन हातात धरायला सांगा आणि बोला. मोठं काही सांगू नका. तात्या कशावर हसायचे आणि तुम्हाला कसं हसवायचे, तेवढंच सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)