उद्यम प्रमाणपत्र : खर्च किती, उपयोग काय?



इथे कोलकात्यात आपल्यापैकी कोणी सोने-चांदीच्या गलाईचे काम करते, कोणी घरगुती फराळ करून विकते. ‘दोन हजार द्या, उद्यम सर्टिफिकेट काढून देतो’ असे कोणी म्हणाले, तर पैसे देण्याआधी हिशेब करा.

ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकारी पोर्टलवर तिची फी शून्य. आधार आणि पॅन क्रमांक लागतो, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. फॉर्म भरून देणाऱ्याला मेहनताना द्या, पण ती सरकारी फी नव्हे. या प्रमाणपत्राचे नूतनीकरणही नसते. त्यासाठी पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन आला, तर सरळ ठेवून द्या.

आता उपयोग. वस्तू बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. म्हणून नोंदणी माल देण्याआधीच करा, पैसे अडकल्यावर नव्हे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र हे संरक्षण नाही. त्याला फक्त प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी नोंदणीचा उपयोग होतो, आणि तेही कर्जाची हमी म्हणून नव्हे.

महापालिकेचे ट्रेड लायसन्स आणि खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी वेगळी. उद्यममुळे त्यांची गरज संपत नाही.

तेव्हा आधी विचारा : सरकारी फी किती, आणि माझ्या धंद्याला याचा उपयोग काय? वाचलेले दोन हजार खात्यात राहू द्या.