हळदी-कुंकू बदकाच्या गावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नांदूर मधमेश्वरच्या पाणपक्ष्यांची छायाचित्रे मी काढून आणली, तेव्हा त्याविषयी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. पाहिले तेवढे सांगते.

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, इंग्रजी अमदानीत एक बंधारा बांधला गेला. हेतू शेतीला पाणी देण्याचा. पण नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे साठत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उठली, पाणवनस्पती माजल्या. बंधारा बांधणाऱ्यांच्या हिशेबी ही खोटच. पक्ष्यांना मात्र आयते अन्नछत्र मिळाले! १९८६ साली तेथे अभयारण्य झाले आणि रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले. (रामसर हे इराणमधले गाव. पाणथळ जागांविषयीचा करार १९७१ साली तेथे झाला. श्रीरामाशी त्याचा संबंध नाही. आपल्यातल्याच एकीने विचारले, म्हणून सांगते.)

आम्ही चापडगावच्या बाजूने उजाडता उजाडता पोहोचलो. थंडी मी म्हणत होती. बरोबर गावातलाच एक वाटाड्या मुलगा. त्याला सगळी नावे तोंडपाठ. काळ्याभोर अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. चपट्या, रुंद चोचीचा तो थापट्या. त्याच्या चोचीच्या कडेला बारीक दाते असतात आणि आपण पीठ चाळावे तसे तो पाणी चाळून किडामुंगी खातो. आणि काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, मुळाशी दोन तांबडे, तो कोण? हळदी-कुंकू बदक! हे नाव ठेवणारी कोणी बाईच असली पाहिजे, असे माझे मत आहे.

छायाचित्रासाठी मी सतरंजी अंथरून काठावर चक्क लोळण घेतली. सूर्य पाठीशी आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवा, एवढे दोन नियम मला ठाऊक. तिसरा म्हणजे धीर, आणि तो बायकांना शिकवावा लागत नाही.

आमच्यातल्या एका गृहस्थांना तो नव्हता. त्यांचा कॅमेरा मोठा. बसलेली बदके त्यांना नको होती, उडणारा थवा हवा होता. मुलाला म्हणाले, "टाळ्या वाजव रे जरा, उठू देत सगळी."

मुलगा घुटमळला. पाहुण्यांच्या पैशांवर त्याचा हंगाम चालतो. नाही म्हणणे त्याला सोपे नव्हते. मी मध्ये पडले. म्हटले, "भाऊसाहेब, ते चक्रवाक लडाख-तिबेटच्या बाजूने आलेले, कित्येक बदके त्याहूनही लांबून. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेवढीच वाट परत उडायची, ती इथे खाऊन साठवलेल्या चरबीवर. उगीच उठवले की खाणे बुडते आणि साठवलेलेही खर्ची पडते. रोज दहा जणांनी टाळ्या वाजवल्या तर त्यांनी खायचे केव्हा?"

"एकदाच तर!" गृहस्थ म्हणाले.

तेव्हा मुलालाच बळ आले. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही संध्याकाळी जाल. मला उद्या पुन्हा इथंच यायचंय." आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

गृहस्थ रुसले नि डबा उघडून बसले. पक्षी आपल्या जागी चरत राहिले. त्या तासाभरात मला हळदी-कुंकवाची जोडी मिळाली, डोके पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे!

छायाचित्रे मागच्या टेबलावर मांडली आहेत. येत्या जानेवारीत मंडळाची सहल तिकडेच न्यावी, असे कार्यकारिणीच्या मनात आहे. येणाऱ्यांनी भडक साड्या टाळाव्यात, बोलणे बसमध्येच उरकून घ्यावे, आणि वाटाड्या मुलाच्या पैशांत घासाघीस करू नये. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.