सातारा-सांगलीच्या डोंगरझाडीतील सायकलमार्ग



सायकल हे वाहन दक्षिण महाराष्ट्राला नवे नाही. ज्यांनी 1910 साली सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी वसविली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभच मुळी 1888 मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. पुढे कित्येक वर्षे खेड्यातील शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक आणि दूधवाला यांची ये-जा सायकलीवरच होत असे. मोटारसायकलीच्या प्रसारानंतर सायकल बहुतांशी शाळकरी मुलांपुरती उरली. अलीकडे मात्र ती निराळ्या हेतूने रस्त्यावर परतली आहे. सुटीच्या दिवशी पहाटे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात किंवा वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणी घाटात व्यायामासाठी व निसर्गदर्शनासाठी निघालेले सायकलस्वार दृष्टीस पडतात. सावली, तुरळक रहदारी, पिण्याचे पाणी आणि गरम न्याहारी एवढ्याच त्यांच्या अपेक्षा असतात. या चारही गोष्टी डोंगरी गावांच्या आवाक्यातील आहेत. त्या टिकवाव्या कशा, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

चढ आणि सावली

सातारा आणि सांगली हे 1949 पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन टोकांमधून कृष्णा, कोयना आणि वारणा वाहतात. नदीकाठचा रस्ता खोऱ्यातून हळूहळू वर सरकतो आणि अखेरीस घाटाला भिडतो.

डोंगरी रस्त्याचा चढ सामान्यतः वीस मीटर अंतरास एक मीटर असा आखला जातो. म्हणजे शंभर मीटर उंची गाठण्यास दोन किलोमीटर चढावे लागते. सपाटीवर सायकलस्वाराचा झगडा मुख्यतः वाऱ्याशी असतो. चढावर तो स्वतःच्या व सायकलीच्या वजनाशी असतो. तेथे वेग मंदावतो, अंगाला वारा लागत नाही आणि घाम सुकत नाही. सबब, झाडांची खरी गरज चढावर असते. घाटाच्या कडेचा वड अथवा जांभूळ ही केवळ शोभा नव्हे, तो मार्ग सायकलीस योग्य ठेवणारे ते साधनच होय. पाचशे मीटर चढ असलेला रस्ता सावलीत पार होतो; तोच रस्ता उघडा पडला की सकाळी नऊनंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

तीन वाटा

पहिली वाट साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास आणि पुढे बामणोलीस जाते. कासचे जांभ्या दगडाचे पठार सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे. त्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ असल्याने तेथे पावसाळ्याच्या अखेरीस लहान रानफुलांचे राज्य असते. 2012 मध्ये पश्चिम घाटाचा एक घटक म्हणून या पठाराचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. तेव्हापासून बहराच्या दिवसांत मोटारींची गर्दी हीच येथली मोठी अडचण ठरली आहे. पठारावर चाक गेले की पातळ माती दबते. सायकलीस मोटारतळाची जागा लागत नाही आणि धूरही होत नाही, हा तिचा मोठा गुण. अर्थात सायकलही डांबरी रस्त्यावरच राहिली पाहिजे. कासपलीकडे रस्ता झाडीतून शिवसागर जलाशयाच्या काठावरील बामणोलीस उतरतो.

दुसरी वाट वारणेच्या खोऱ्यातील. पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, चरण, आरळा अशी गावे घेत ती चांदोलीच्या वसंतसागर धरणाकडे जाते. जसजसे पश्चिमेस जावे तसतसा ऊस मागे पडतो, भातखाचरे लागतात आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात अंतर्भूत झाले. येथे वनखात्याच्या परवानगीविना आत जाता येत नाही. सायकलमार्ग बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यापुरताच मानावा. पहाटे व सायंकाळी गवे रस्त्यावर येतात. सायकलीचा आवाज होत नसल्याने ते दचकण्याचा संभव असतो, म्हणून उजेडातच प्रवास उरकणे हिताचे.

तिसरी वाट लहान असली तरी तिचा बोध मोठा आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी स्थानकावरून कुंडल आणि तेथून सागरेश्वराच्या डोंगरालगत देवराष्ट्रे, असा हा अर्ध्या दिवसाचा फेरा होय. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. सागरेश्वराचे डोंगर एके काळी उजाड होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे झाडे लावली गेली, कुंपण झाले, हरणे आणून सोडण्यात आली आणि 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य अस्तित्वात आले. कमी पावसाच्या मुलखात माणसांनी उभे केलेले हे वन आहे. जवळच कुंडल येथे वनाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी अकादमीही आहे. पश्चिमेकडील गावांना झाडी निसर्गाने दिली. सागरेश्वर परिसराने ती कष्टाने मिळविली. ज्या ग्रामपंचायतीचे सदस्य "आमच्याकडे झाडीच नाही" असे म्हणतात, त्यांनी हा फेरा एकदा अवश्य करावा.

नवा रस्ता नको, जुना जपा

सायकलमार्ग म्हटला की स्वतंत्र पट्टा, मोठा खर्च आणि भूसंपादन डोळ्यांसमोर येते. डोंगरी भागात यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचलेले, साधारण 3.75 मीटर रुंदीचे डांबरी रस्ते सायकलीस उत्तम होत. ते अरुंद असल्यामुळेच त्यांवर मोटारींचा वेग बेताचा राहतो. रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावास विकास समजण्याची सवय येथे घातक ठरते. रस्ता दीड मीटरने वाढतो आणि त्यापायी दोन पिढ्यांची सावली जाते. जेथे ऊसवाहतूक अथवा बसगाड्यांसाठी रुंदी खरोखरच हवी, तेथे ती जरूर व्हावी. परंतु प्रस्तावावर सही होण्यापूर्वी झाडांची मोजदाद व्हावी आणि एका बाजूची रांग वाचेल अशी आखणी शक्य आहे काय, हे ग्रामसभेत विचारले जावे. रस्त्याच्या कडेस झाडे लावणे व राखणे हे कायद्यानेच ग्रामपंचायतीच्या कामांत गणलेले आहे.

दुसरे काम साइडपट्टीचे. डांबराच्या कडेस मातीची धूप होऊन खोल पायरी पडली की समोरून गाडी आल्यावर सायकलस्वारास खाली उतरता येत नाही. पावसाळ्यानंतर मुरूम टाकून ती भरणे, मोऱ्यांची तोंडे मोकळी करणे आणि वळणावरील खडी झाडून काढणे ही अल्प खर्चाची कामे आहेत. उतारावरील गतिरोधकास पांढरे पट्टे मारणे तर अत्यावश्यक होय.

तिसरे काम दिशादर्शनाचे. याबाबत बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांताचे उदाहरण उद्बोधक आहे. ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून तेथे 1995 मध्ये विद्यमान लहान रस्त्यांच्या तिठ्याचौकांना क्रमांक देण्यात आले. प्रवासी घरून क्रमांकांची यादी घेऊन निघतो आणि एका क्रमांकाच्या फलकावरून दुसऱ्याकडे जातो. ही पद्धत पुढे शेजारच्या नेदरलँड्समध्येही रुजली. आपल्याकडे फाट्यावरच्या दगडावर रंगाने क्रमांक घालणे एखाद्या पंचायत समितीस अवघड नाही.

गावाचा लाभ, शाळेचा वाटा

मोटारीने आलेला पाहुणा दहा गावे न थांबता ओलांडतो. सायकलस्वारास दर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबावेच लागते. त्याचा चहा, भाकरी, मुक्काम आणि पंक्चर यांचे पैसे लहान गावात पडतात. पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी व निवास योजना आणि 2020 चे कृषी पर्यटन धोरण यांचा आधार घेऊन बचत गटांना हे काम करता येईल. मार्गावर एक पाण्याचा नळ, एक स्वच्छतागृह आणि हवा भरण्याचा एक पंप, एवढी पूर्वतयारी पुरे.

शिक्षकांकडून अपेक्षा निराळी आहे. ओली चाके ब्रेक उशिरा धरतात, लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नये, वळणावर आपली बाजू सोडू नये, हे धडे गावच्या मुलांनाही तितकेच उपयोगी आहेत. कारण हे रस्ते सर्वप्रथम त्यांचेच आहेत. ज्या रस्त्यावरून आठवीतील मुलगी निर्धास्तपणे शाळेत जाऊ शकते, तोच रस्ता पाहुण्यासही सुखकर असतो. मार्गाची हीच कसोटी ठेवावी.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील एका चढाची निवड करावी, तेथील उभी झाडे मोजून नोंदवहीत लिहावीत आणि रिकाम्या जागी वड, करंज, जांभूळ लावून तीन उन्हाळे त्यांना पाणी देण्याची जबाबदारी वाटून द्यावी. सायकलमार्गाचा आरंभ याच कामापासून होईल.