कारखान्यात विचारले कोणाला जाते?



कामगार मन लावून काम करीत नाहीत, ही व्यवस्थापकांची नेहमीची तक्रार. त्या कामगारांना कधी काही विचारले जाते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगराच्या कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. त्या काळी हे थोडे नव्हते. पण ते घर कितीही मायेचे असले तरी त्यातला कर्ता एकच होता. भाऊराव पाटलांची गोष्ट निराळी. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये काढली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका पंक्तीला जेवू लागली, श्रमून शिकू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढाऱ्याच्या घराला आधी तोशीस लागली. इतरांकडे कष्ट मागण्याचा अधिकार त्यातून आला.

आता आपले सहकारी साखर कारखाने पाहा. सभासद शेतकरी मालक झाला, हे मोठेच परिवर्तन. परंतु बीडकडून येणारी ऊसतोड जोडपी मुकादमाच्या उचलीला बांधलेली. वार्षिक सभेत त्यांना आवाज नाही. (अध्यक्षांच्या भाषणात मात्र ‘आपले कुटुंब’ हमखास असते!) फडावरचे पाणी, कोपीची जागा, बायकांचे आजारपण यांविषयी हंगामापूर्वी त्यांच्याशी थेट बोलणी व्हावीत, मुकादमामार्फत नव्हे. सातारा-सांगलीतील आपले जे कार्यकर्ते कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा.