स्टॅम्पपेपरवरचा काडीमोड

घटस्फोटाचे मार्ग, हा आजचा विषय. मी हिंदू विवाह कायद्यापुरतंच बोलते. मार्ग तसे तुम्हाला ठाऊक आहेत: एक भांडून, एक समजुतीने. पण माझ्याकडे पक्षकार येतात ते बहुधा तिसऱ्याच वाटेने जाऊन आलेले. दोन्हीकडची चार माणसं बसली, दागिने-भांडी परत झाली, पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या, वर नोटरीचा शिक्का. झाली सोडचिठ्ठी! अहो, नाही झाली.

दोघा भावांनी तोंडी वाटणी करून मधे बांध घातला, तरी सातबारावर नावं सामाईकच राहतात. वर्षानुवर्षं कुणाचं अडत नाही. मग रस्त्यात जमीन जाते, मोबदला येतो, आणि साहेब बांध बघत नाहीत, उतारा बघतात. लग्नाचं तेच. बांध तुम्ही घातलात, उताऱ्यावर अजून नवरा-बायकोच आहात. फेरफार होतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्याने. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत, तर ते रद्दबातल, शिवाय सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. पुढे नवरा गेला की पेन्शनच्या खिडकीशी दोघी उभ्या राहतात, आणि जिला पहिलीचा कागद दाखवून फसवलं, तीच हात हलवत परत येते.

काही समाजांत रूढीने काडीमोड होतो. कलम २९ने ती मुभा राखली आहे. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. घोडं तिथेच अडतं.

बरं, समजूत झालीच आहे ना? मग तीच घेऊन कोर्टात या की! १९७६ पासून कलम १३ ब त्यासाठीच आहे. वर्षभर वेगळे राहिला असाल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचं. योग्य प्रकरणात ही मुदतही माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मात्र हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, तेव्हा पोटगी, दागिने सगळं अर्जातच लिहा.

समजूत नसेल तर कलम १३: क्रूरता, दोन वर्षं टाकून जाणं वगैरे. त्यात पुरावे आणि तारखा... ते एक वेगळंच भाषण होईल.

पुन्हा सांगते, नोटरीचा शिक्का सहीची साक्ष देतो, लग्न मोडत नाही. खर्चाची भीती असेल तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. मुलांच्या ताब्याबद्दल बोलायचं होतं, पण वेळ संपल्याची खूण होते आहे. एवढंच, की तेही स्टॅम्पपेपरवर उरकू नका.