पुस्तक परीक्षण लिहायचंय? आधी एक प्रश्न शोधा

हेडफोन लावलेत ना? आज गप्पा जरा अभ्यासाच्या आहेत, पण कंटाळा येणार नाही.

बऱ्याच जणांना सध्या कॉलेजात एखाद्या कादंबरीचं परीक्षण लिहून द्यायचंय. तर आधी माझीच फजिती सांगतो. अकरावीत मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली होती. मी पुस्तक उघडलंच नाही. मोठ्या भावाच्या मित्राची जुनी वही मिळवली आणि चार पानं उतरवून काढली. शेवटचं वाक्य तर तुम्हाला पाठच असेल: ‘सदर कादंबरी वाचनीय व संग्रहणीय आहे.’

बाईंनी वही मिटली आणि एवढंच विचारलं, “मास्तर गाव सोडून निघतो, तेव्हा तुला काय वाटलं रे?” मी गप्प. मास्तर गाव सोडतो हेच मला माहीत नव्हतं! बाई रागावल्या नाहीत, वही परत दिली. त्याचंच जास्त लागलं. त्या रात्री पुस्तक वाचायला घेतलं आणि दोन दिवसांत संपवलं.

आता मुद्द्यावर येऊ. परीक्षण म्हणजे कथेचा सारांश नव्हे. कथा बाईंना माहीत असते. त्यांना हवं असतं ते वाचताना तुमच्या डोक्यात काय झालं ते. त्यासाठी पुस्तकातून एक प्रश्न शोधायचा. एकच, पण स्वतःचा.

मला मिळाला तो असा. औंध संस्थानातली एक धनगरवाडी. तिथे एक तरुण मास्तर बंद पडलेली शाळा चालवायला येतो. गाव आधी त्याला जोखतं, मग हळूहळू आपलं म्हणतं. सगळे मिळून तालीम बांधतात, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊसच पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. मास्तरचीही बदली होते. आता सांगा, मास्तरनं केलेलं काम फुकट गेलं का?

बघा, कथा मी सात-आठ वाक्यांत संपवली. तुम्हीही तेवढीच लिहा. बाकीची पानं त्या प्रश्नाला द्या.

आता उत्तर शोधायला पुस्तकात परत जायचं. वाचताना जिथे थबकलात, तिथला पान नंबर आणि एक ओळ मोबाईलच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. मी थबकलो ते शेकूपाशी. त्याच्याकडे जोडीला दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी खांदा देते. तिथे मला कळलं, की या गावाला शाळा नको होती असं नाही. पोटापुढे शाळेचा नंबर लागत नव्हता. दुसरीकडे तालमीचा प्रसंग सांगतो, की हीच माणसं मनात आणलं तर एकत्र येतात. एक प्रसंग ‘फुकट गेलं’ म्हणतो, दुसरा ‘नाही गेलं’. दोन्ही मांडा, मग स्वतःचं मत द्या. झालं की परीक्षण!

आणखी एक गोष्ट बघायची: कथा सांगतंय कोण? इथे सगळं मास्तरच्या तोंडून येतं. म्हणजे बाहेरून आलेल्या, शिकलेल्या माणसाच्या नजरेतून. कारभाऱ्याच्या अंजीच्या मनात काय चाललं असेल, हे आपल्याला फार थोडं कळतं. मला ते खटकलं आणि मी तसं लिहिलं. मोठ्या लेखकाबद्दल खटकलेलं लिहायचं नाही असा काही नियम नाही. फक्त कुठे खटकलं ते दाखवा.

बरं, अमोल पालेकरांचा यावर 1995 चा सिनेमा आहे. जरूर बघा, पण पुस्तक वाचून झाल्यावर. नाहीतर परीक्षण सिनेमाचं होतं. आणि हो, एआयकडून लिहून घेतलंत तर मार्क कदाचित मिळतील, पण बाईंनी माझ्यासारखा एखादा प्रश्न विचारला तर?

सुरुवातही ‘लेखकाचा जन्म अमुक साली’ अशी नको. कादंबरी 1955 ची आहे, हे एका ओळीत येऊन जाऊ दे. पहिल्याच वाक्यात तुमचा प्रश्न ठेवा.

मी दुसऱ्यांदा लिहिलेलं परीक्षण जेमतेम दीड पानाचं होतं. शेवटी लिहिलं होतं: गाव उठलं, तालीम रिकामी राहिली, पण मास्तर आला होता तसा परत गेला नाही. त्याचं काम गावात उरलं नसेल, त्याच्यात उरलं. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. शेरा काहीच नाही, नुसती रेघ. ती वही मी अजून टाकलेली नाही.

तर आज रात्री तुमचं पुस्तक उघडा आणि कुठे थबकता ते बघा. भेटू पुढच्या भागात!