वाट न दिसणाऱ्यांचा चित्रपट

1960 साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, 'पादै तेरियुदु पार' हा तमिळ चित्रपट निघाला. 'पाहा, वाट दिसते आहे' असा त्या नावाचा अर्थ. दिग्दर्शक निमाई घोष हे बंगालमधून आलेले कम्युनिस्ट. फाळणीच्या निर्वासितांवर 'छिन्नमूल' काढून ते या शहरात स्थायिक झाले होते. संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी येथील चित्रपटवादकांची संघटना बांधली. चित्रपट कष्टकऱ्यांचा होता आणि त्याची श्रद्धा नावातच व्यक्त झाली होती.

अठरा वर्षांनी, 1978 मध्ये, याच शहरात सी. रुद्रैया या तरुण दिग्दर्शकाने 'अवळ अप्पडिदान' सादर केला. अर्थ : 'ती अशीच आहे'. या कृष्णधवल चित्रपटात कोणालाच वाट दिसत नाही.

अशा कलाकृतींवर 'मध्यमवर्गाचे रडगाणे', 'पश्चिमेकडून उसना आणलेला अस्तित्ववाद' असा शिक्का मारून मोकळे होण्याची सवय पुरोगामी वर्तुळांत जुनी आहे. कित्येकदा तो शिक्का योग्यही असतो. रिकाम्या खोलीत सिगारेट ओढत बसणे म्हणजे काही तत्त्वचिंतन नव्हे. पण रुद्रैयाची नायिका मंजू हिची अस्वस्थता आकाशातून पडलेली नाही. ती जाहिरात कंपनीत नोकरी करते, स्वतःच्या पगारावर जगते. बालपण आईच्या बदनामीच्या छायेत गेलेले. प्रेम केले तेथे फसवणूक झाली. एकाने तर आईवडिलांसमोर तिला चक्क बहीण म्हणून टाकले. स्त्रीने सार्वजनिक उत्पादनात उतरणे ही तिच्या मुक्तीची पहिली अट, असे एंगल्सने 1884 मध्ये मांडले होते. मंजूने ती अट पुरी केली आहे. पुढच्या अटी समाजाने पुऱ्या केलेल्या नाहीत, आणि त्या पोकळीतच तिचा कडवटपणा साठत जातो.

तिचा मालक त्यागू उघड स्त्रीद्वेष्टा आहे. (ही भूमिका रजनीकांतची, बंगळूरच्या मराठी कुटुंबातील हे शिवाजीराव गायकवाड तेव्हा खलभूमिकांतही दिसत.) त्यागूपासून मंजूला फारसा धोका नाही, कारण तो लपवाछपवी करीत नाही. खरा प्रश्न अरुणचा आहे. कमल हासनने साकारलेला हा सुशिक्षित तरुण स्त्रियांच्या स्थितीवर माहितीपट काढीत आहे. तो स्त्रियांच्या मुलाखती घेतो, सहानुभूतीने ऐकतो. आणि शेवटी एका साध्यासुध्या मुलीशी लग्न करून येतो. मोटारीत मंजू त्या नववधूला विचारते, स्त्रीमुक्तीविषयी तुझे मत काय? त्यातले आपल्याला काही कळत नाही, असे ती सांगते. म्हणूनच तू सुखी आहेस, असे मंजू म्हणते आणि वाटेत उतरते. मोटार पुढे जाते. ती रस्त्यावर उभी.

येथे आरोपी कोण? सरंजामी त्यागू की सभेत टाळ्या घेणारा अरुण? वर्गलढ्यात वावरणाऱ्या कित्येकांच्या घरांतही हा अरुण राहतो, हे मान्य करणे जड जाते. निमाई घोषांच्या चित्रपटाने शत्रू समोर उभा केला होता. रुद्रैयाने तो मित्राच्या चेहऱ्यात दाखवला. पहिल्याचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, मात्र दुसऱ्याला निराशावादी म्हणणे अन्यायाचे ठरते.

दोन्ही चित्रपटांना व्यापारी यश लाभले नाही. रुद्रैयाने 1980 मध्ये 'ग्रामत्तु अत्तियायम' काढला. तोही चालला नाही. 2014 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा तिसरा चित्रपट पडद्यावर आला नव्हता.